संसदेत बायका, आणि जमिनीच्या कागदावर?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: रवांडाच्या राजधानीत, किगालीत, दोन वर्षांचं काम चालून आलंय, गावोगावच्या महिला बचत गटांबरोबर. पण जगात सर्वांत जास्त महिला खासदार रवांडात आहेत असं तुम्ही सगळीकडे वाचता. मग तिथल्या बायकांसाठी काम करायला बाहेरचं माणूस कशाला हवं? तो आकडा खरा आहे की नुसता देखावा?

आकडा खरा आहे. खालच्या सभागृहात 80 जागा, 2024 च्या निवडणुकीनंतर त्यांतल्या 51 वर बायका. त्याच वर्षी आपल्या लोकसभेत 543 पैकी 74 आल्या. पण तुम्ही ज्या बाईबरोबर काम करणार आहात, तिच्या दिवसाशी या आकड्याचा संबंध फार लांबून येतो. मला तुमचा खरा प्रश्न असा दिसतो की वरून आलेला हक्क खाली किती झिरपतो आणि नेमका कुठे अडतो. त्यावर सरसकट उत्तर नाही. बाई कोणत्या गावची, लग्नाची की नुसतीच नांदणारी, विधवा की दुसरेपणाची, यावर सगळं ठरतं. मी मराठवाड्यात काही वर्षं बायकांच्या नावे जमीन व्हावी म्हणून काम केलं आणि नंतर रवांडाच्या दक्षिण भागात, हुये आणि न्यामागाबे या जिल्ह्यांत, कायद्याच्या सल्ल्याचं. त्यामुळे मी जे सांगतेय ते डोंगरावरच्या शेतकरी बायकांबद्दल. किगालीतल्या नोकरदार बाईचं जग वेगळं आहे आणि पूर्वेकडच्या गुराखी भागात मी फारशी राहिलेले नाही.

देश किती लहान आहे ते आधी डोळ्यांपुढे आणा. आपले पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले की जवळजवळ रवांडा झाला: 26,338 चौरस किलोमीटर. 2022 च्या जनगणनेत त्यात 1 कोटी 32 लाख माणसं मोजली गेली, आणि बहुतेकांचं पोट शेतीवर. कुटुंबाकडे एक-दीड एकर, तोही एका जागी नाही; एक तुकडा टेकडीच्या उतारावर, एक खाली ओढ्याकाठी, एक सासऱ्यांच्या घरामागे. म्हणून तिथे भांडण कशावरूनही सुरू होऊ दे, ज्वारीच्या दारूवरून, सवतीवरून, पोराच्या फीवरून, ते येऊन थांबतं बांधावरच.

आता 1994. ते टाळून बायकांच्या हक्कांची गोष्ट सांगता येत नाही. एप्रिल ते जुलै या शंभरेक दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसं, मुख्यतः तुत्सी जमातीची, मारली गेली आणि बायकांवरचा बलात्कार हे त्या नरसंहाराचं ठरवून वापरलेलं हत्यार होतं. देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान आगाथे उविलिंगियिमाना यांना 7 एप्रिललाच मारलं. आणि त्याच काळात महिला व कुटुंब कल्याण खात्याची मंत्रीही बाईच होती, पॉलिन न्यिरामासुहुको. बुतारे भागात, म्हणजे आजच्या हुयेच्या आसपास, झालेल्या हत्यांना आणि बलात्कारांना जबाबदार धरून 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने तिला दोषी ठरवलं. ‘बाई सत्तेत आली की बायकांचं भलं होतं’ असं कुणी सहज म्हणालं की मला हे खातं आठवतं.

त्याच न्यायाधिकरणाने 2 सप्टेंबर 1998 ला ताबा या गावच्या प्रमुखाच्या, झां-पॉल अकायेसूच्या, खटल्यात निकाल दिला की बलात्कार हे नरसंहाराचं कृत्य ठरू शकतं. जगात असं पहिल्यांदाच झालं. मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता. साक्षीला आलेल्या बायका बोलल्या, आणि पीठावर बसलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या तमिळ वंशाच्या न्यायाधीश नवी पिल्ले यांनी तो धागा सोडला नाही. मग आरोपपत्र बदललं. खटला टांझानियात आरुशाला चालला, पण ज्या बायकांच्या साक्षीने कायदा बदलला त्या याच टेकड्यांवरच्या.

नरसंहारानंतर सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या घरांत बाई ही एकटी कर्ती उरली होती. आणि इथेच जमिनीचा प्रश्न पेटला. रूढीप्रमाणे जमीन बापाकडून मुलाकडे जायची. लग्नाच्या वेळी मुलाला जो तुकडा तोडून द्यायचे त्याला ‘उमुनानी’ म्हणतात; मुलीला तो नाही. विधवा नवऱ्याच्या जमिनीवर राहायची ती मुलांची आई म्हणून, मालकीण म्हणून नाही. नवरा गेला, मुलगेही गेले, की दीर किंवा चुलतसासरा येऊन म्हणायचा, ही आमच्या कुळाची जमीन. माहेरी जावं तर तिथे भाऊ नाही, आणि बापाच्या जमिनीवर मुलीचा हक्क नाही. लाखभर बायका एकाच वेळी या कात्रीत सापडल्या तेव्हा रूढीला हात घालण्यावाचून सरकारला इलाजच नव्हता.

12 नोव्हेंबर 1999 चा वारसा कायदा त्यातून आला. मुलगा-मुलगी सारखे वारस, आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेचे तीन प्रकार. लग्नाच्या वेळी त्यांतला एक निवडायचा. बहुतेक जोडपी पहिला निवडतात, ‘इवांगामुतुंगो रुसांगे’, म्हणजे सगळं दोघांचं. लक्षात घ्या, संसदेतल्या राखीव जागा नंतर आल्या, 2003 च्या राज्यघटनेने: निर्णयाच्या सर्व संस्थांत किमान 30 टक्के बायका, आणि 80 पैकी 24 जागा खास महिलांसाठी, त्या महिला परिषदांसारख्या स्थानिक संस्थांतून निवडल्या जातात. त्याच वर्षी 39 बायका आल्या, 2008 मध्ये 45, 2013 मध्ये 51. म्हणजे आकडा वाढला म्हणून कायदा आला असं नाही. तो कायदा रेटला तो मंत्रालयांतल्या काही बायकांनी, 1996 पासून एकत्र आलेल्या महिला खासदारांनी आणि विधवांच्या संघटनांनी. खासदार बायकांनी नंतर एक मोठं काम केलं ते 2008 च्या लिंगाधारित हिंसाचारविरोधी कायद्याचं. तो मसुदा सरकारकडून नाही, त्यांच्या मंचाकडून आला. तिथल्या संसदेत हे सहसा घडत नाही.

सहसा घडत नाही, कारण तिथे सरकारच्या मर्जीबाहेर फारसं काही घडत नाही. 2024 मध्ये अध्यक्ष पॉल कागामे यांना 99 टक्क्यांवर मतं पडली. सरकारबरोबर असलेल्या बाईला खुर्ची मिळते. समोर उभी राहणाऱ्या बाईचं काय होतं ते विरोधी नेत्या व्हिक्टोआर इंगाबिरे यांच्याकडे बघा, 2010 ते 2018 तुरुंगात. डियान र्‍विगारा यांचा अध्यक्षपदासाठीचा अर्ज 2017 मध्ये बाद झाला, मग अटक, मग निर्दोष सुटका, आणि 2024 मध्ये अर्ज पुन्हा बाद. तुम्ही तिथे परदेशी म्हणून राहणार, तर हे ठाऊक असू द्या आणि बचत गटाच्या बैठकीत या विषयावर कुणाला बोलतं करायचा प्रयत्न करू नका. तुम्ही परत याल, ती बाई तिथेच असेल.

आता जमिनीच्या कागदाकडे येते, कारण माझ्या मते या देशातल्या बायकांच्या बाबतीत सर्वांत मोठी घटना संसद नाही, ही आहे. 2009 पासून चार-एक वर्षांत सरकारने देशभरातला प्रत्येक तुकडा मोजून नोंदवला. एक कोटीहून अधिक तुकडे! विमानातून काढलेल्या छायाचित्रांचे मोठे कागद, गावातलीच थोडं शिक्षण दिलेली मुलं, बांधावर उभे राहिलेले शेजारी, आणि सगळ्यांसमोर रेघ मारून हद्द ठरायची. कागदाची फी 1,000 फ्रँक. आणि त्या कागदावर नवरा-बायको दोघांची नावं, प्रत्येकी 50 टक्के. ज्या कोणी आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावून घेण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेत, त्यांनी या वाक्यावर जरा थांबावं. 1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’त नवऱ्यांना आवाहन करून हेच मागितलं होतं, हजारोंनी जमिनीही लिहून दिल्या. पण तिथे ते राजीखुशीवर होतं. रवांडात तो सरकारी नियमच झाला.

मग अडलं कुठे? ‘दोघं’ म्हणजे कोण, या शब्दात. कायद्याच्या भाषेत बायको म्हणजे जिने सेक्टर कार्यालयात, म्हणजे आपल्या मंडळासारख्या पातळीवरच्या कार्यालयात, झेंड्याला हात लावून नोंदणी केली ती. याला ‘गुसेझेराना’ म्हणतात. पण असंख्य जोडप्यांनी हे केलेलंच नसतं. मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला गाय किंवा पैसे दिले (त्याला ‘इन्क्वानो’ म्हणतात), गावाने जेवण केलं, लोकांच्या लेखी लग्न झालं. किंवा तेही परवडलं नाही म्हणून दोघं नुसती राहू लागली. नोंदणीचं वय बरीच वर्षं 21 होतं, पोरं त्याआधीच संसाराला लागायची. एकापेक्षा जास्त बायका करायला कायद्याने बंदी, पण दुसरी बाई असतेच, आणि तिला कागदावर जागाच नाही. 2007-08 मध्ये चार ठिकाणी नोंदणीची चाचणी झाली होती. तिच्यावरच्या अभ्यासात नोंदणीकृत बायकांचा हक्क बळकट झालेला दिसला, पण नोंदणी न झालेल्यांचा उलट कमी झाला. साहजिक आहे. पूर्वी सगळंच तोंडी होतं, तेव्हा वीस वर्षं नांदलेल्या बाईला गाव काहीतरी मान द्यायचं. एकदा कागद झाला की जी कागदावर नाही ती नाही.

माझ्याकडे एक बाई यायच्या, पन्नाशीच्या, चार लेकरं. नवऱ्याबरोबर बावीस वर्षं. त्याने मोजणीच्या दिवशी एकट्याचं नाव सांगितलं, आणि दोन वर्षांनी खालच्या गावातल्या एका तरुण मुलीशी रीतसर नोंदणी केली. आता जमिनीत निम्मी ती. यांच्या मुलांना बापाचा वारसा होता, कारण त्याने त्यांना आपलं म्हणून मान्य केलं होतं. यांना स्वतःला काही नाही. आम्ही प्रकरण गावच्या लवादाकडे नेलं. ‘अबुन्झी’ म्हणतात त्यांना. निवडून दिलेले, बिनपगारी, किमान 30 टक्के बायका, छोटे वाद आधी त्यांच्याकडे जातात. अबुन्झींमधल्या एका आजींनी नवऱ्याला असं काही धारेवर धरलं की मला वाटलं जिंकलो. शेवटी यांना राहतं घर आणि केळीची बाग वापरायला मिळाली, मरेपर्यंत. नावावर नाही. हा निकाल चांगला होता की वाईट, हे मला आजही नीट ठरवता आलेलं नाही. त्या मात्र खूश होत्या.

2024 मध्ये कुटुंब कायदा बदलला. आता परवानगी घेऊन 18 व्या वर्षीही नोंदणी करता येते, आणि घटस्फोटाच्या वाटणीत घरकामाचं मोल धरायची तरतूद आली. कागदावर हे मोठं पाऊल आहे. डोंगरावर ते कसं उतरतं हे तुम्ही मला कळवा, मी तेव्हा परत आले होते.

मुलींचा वारसा हा दुसरा अडथळा, आणि इथे मला मराठवाड्यातून उठून कुठे गेल्यासारखंच वाटलं नाही. कायद्याने बहिणीला भावाइतका उमुनानी आहे. पण ती मागत नाही. का, विचारलं तर उत्तर तेच: नवऱ्याने हाकललं तर जायचं कुठे? भावाचं दार उघडं राहायला हवं. आपल्याकडे महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, आणि तरी किती बहिणी अजून हक्कसोडपत्रावर सही करून, साडीचोळी घेऊन परत येतात हे तुम्हाला सांगायला नको. तिथे साडीच्या जागी कधी बकरी असते.

आरोग्याबद्दल मी कमी लिहिते, कारण तिथे कौतुकच करावं लागतं. 2000 साली एक लाख बाळंतपणांमागे 1,071 आया दगावत होत्या. 2019-20 च्या पाहणीत 203. 2005 मध्ये दवाखान्यातली बाळंतपणं शंभरात 28, आता नव्वदीच्या वर. यामागे वर्षाला थोडकी वर्गणी असलेला आरोग्य विमा, म्युत्युएल, आणि प्रत्येक वाडीत गावाने निवडलेले आरोग्य सेवक-सेविका. मी होते तेव्हा त्यांतली एक फक्त गरोदर बायकांसाठी असायची. आपल्या आशाताईंसारख्याच, आणि आशाताईंसारख्याच त्यांना पगार नाही, कामाप्रमाणे पैसे मिळतात आणि तेही बरेचदा त्यांच्या सहकारी संस्थेत जमा होतात. बायकांच्या जवळजवळ फुकट श्रमावर बायकांचं आरोग्य सुधारतं, हे दोन्हीकडे सारखं.

गर्भपाताचा विषय मात्र तुमच्या गटात नक्की निघेल, दबक्या आवाजात. 2018 पासून बलात्कार, जवळच्या नात्यातला संबंध, सक्तीचं लग्न, अल्पवयीन मुलगी किंवा आईच्या वा गर्भाच्या आरोग्याला धोका असेल तर न्यायालयाच्या हुकमाशिवाय गर्भपात करता येतो. मी होते तेव्हा डॉक्टर मात्र लागायचा, आणि डोंगरावर डॉक्टर नसायचा. गर्भपात, त्याला साथ किंवा बालहत्या यांबद्दल शिक्षा झालेल्या 367 मुली-बायकांना 2019 मध्ये अध्यक्षांनी माफी दिली. माफी अध्यक्षांची आणि हक्क कायद्याचा, यातला फरक तिथल्या वकील मैत्रिणी मला नेहमी सांगायच्या.

मारहाण किंवा अत्याचार सोसणाऱ्या बायकांसाठी 2009 मध्ये किगालीच्या काचीरू पोलीस रुग्णालयात पहिलं ‘इसांगे’ केंद्र निघालं, आता बहुतेक जिल्ह्यांच्या रुग्णालयांत ते आहे. एकाच छपराखाली डॉक्टर, पोलीस, समुपदेशक, आणि पैसे लागत नाहीत. केंद्रं चांगली आहेत. पण नवरा आत गेला तर उतारावरची नांगरट कोण करणार, या विचाराने बाई तिथपर्यंत पोचत नाही. तिथे नांगर नाहीच म्हणा, कुदळच.

आता तुमच्या कामाचं. बचत गट म्हणजे तिथला ‘इकिमिना’, आपली भिशी अधिक थोडा बचत गट. आठवड्याला पाच-सातशे फ्रँक, पत्र्याची पेटी, तीन कुलपं, तीन किल्ल्या तिघींकडे. हे त्या स्वतः उत्तम चालवतात. त्यात तुम्ही शिकवण्यासारखं फार नाही. तुमची गरज दुसरीकडे आहे. तिथे प्रत्येक अधिकाऱ्याने वर्षाची उद्दिष्टं शपथेसारखी लिहून दिलेली असतात, ‘इमिहिगो’. त्यामुळे गाव कार्यालयात विचारलं तर लग्नाच्या नोंदी शंभर टक्के, मारहाण शून्य. आणि बायकांना थेट विचारलंत तर दोन शब्द ऐकाल: ‘न्ता किबाझो’, काही अडचण नाही. पहिले सहा महिने मला सगळीकडे न्ता किबाझोच होतं. मग एकदा पेटीची किल्ली हरवली, पाऊस लागला, सगळ्या माझ्याबरोबर शाळेच्या पडवीत तीन तास अडकल्या, आणि त्या तीन तासांत मला कळलं की वीसजणींपैकी अकराजणींची नोंदणी झालेली नाही. कार्यालयाच्या वहीत त्या सगळ्या ‘विवाहित’ होत्या.

म्हणून होकार द्यायच्या आधी त्या संस्थेला दोन गोष्टी विचारा. सदस्यांच्या लग्नाची नोंद आणि जमिनीचा कागद पाहायला त्यांच्याकडे कुणी आहे का, की फक्त बचतीचे आकडे मोजतात? आणि जोडप्याला नोंदणीच्या दिवशी सेक्टर कार्यालयापर्यंत यायचं भाडं, साक्षीदारांचं जेवण, एवढा किरकोळ खर्च त्यांच्या अंदाजपत्रकात बसतो का? माझ्या पहिल्या संस्थेत बसत नव्हता. प्रशिक्षणाच्या टोप्या आणि पिशव्या छापायला बसत होता.

उत्तरं बरी आली तर जा. किन्यारवांडा आत्तापासून शिकायला लागा. फ्रेंच-इंग्रजीवर किगालीत भागेल, पडवीत नाही. आणि नवऱ्यांना बैठकीला बोलवायचं की नाही यावर तिथे गेल्यावर वाद होईल. मी बोलवा म्हणणाऱ्यांतली आहे, पण पेटी उघडायच्या दिवशी नाही.